जुन्या वास्तूंवरील ॲस्बेस्टॉसचे पत्रे व ते उतरविण्याचे परवाने

१. विषय व प्रयोजन

मराठवाड्यांतील जुनीं दफ्तरें आज ज्या घरांत आहेत, त्यांपैकीं पुष्कळ घरांवर मूळचें माळवद राहिलेलें नाहीं. त्याच्या जागीं, किंवा त्याच्याच वर लांकडी अथवा लोखंडी आधार उभारून, नागमोडी पत्रे घातलेले दिसतात. हे पत्रे दोन जातींचे असतात. एक जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, ज्यास लोक नुसतें 'टीन' म्हणतात. व दुसरा करड्या रंगाचा, जाड व ठिसूळ, ज्यास 'सिमेंटचा पत्रा' हें नांव रूढ आहे. या दुसऱ्या पत्र्यांत सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस नांवाच्या खनिजाचे तंतु मिसळलेले असतात. पत्रा जीर्ण झाला, माकडांनीं किंवा गारांनीं फुटला, म्हणजे तो उतरविण्याचा प्रसंग येतो. तो उतरविण्यास परवाना लागतो काय, लागत असल्यास कोणाचा, व उतरविलेला पत्रा टाकावा कोठें, हा प्रश्न दफ्तर सांभाळणाऱ्या प्रत्येक घराला केव्हां तरी पडणारच. त्याचा विचार धाराशिव जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून येथें केला आहे.

थोडक्यांत उत्तर असें कीं, 'ॲस्बेस्टॉस उतरविण्याचा परवाना' या नांवाचा एकच कागद आपल्या देशांत नाहीं. वास्तूच्या रक्षणाचा कायदा भिंतीकडे पाहतो, नगररचनेचा कायदा नव्या बांधकामाकडे पाहतो, कचऱ्याचा नियम कारखान्याकडे पाहतो, व मजुरांचा कायदा मोठ्या कामाकडे पाहतो. एका वाड्यावरचे वीस पत्रे या चौघांच्याही नजरेंतून सुटतात. म्हणून कोणीं परवाना मागितला नाहीं एवढ्यावरून काम निर्धोक ठरत नाहीं, आणि निरनिराळ्या नियमांचे तुकडे जुळवून आपला परवाना आपणच तयार करण्याचें काम मालकाकडे येतें. विस्कळित बंदांवरून कागदाचा पाठ लावण्याची ज्यांस संवय आहे, त्यांना हें काम अगदींच परकें वाटूं नये.

२. द्रव्याचा पूर्वेतिहास

हें खनिज प्राचीनांस अपरिचित नव्हतें. ग्रीक भाषेंत 'ॲस्बेस्टॉस' याचा अर्थ 'न विझणारें' असा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें अग्नींत टाकून स्वच्छ होणाऱ्या वस्त्राचें वर्णन केलें असून, त्याचा तंतु हिंदुस्थानांतील ओसाड, पर्जन्यहीन प्रदेशांत उत्पन्न होतो असें तो सांगतो. प्लिनी त्यास वनस्पति समजला, हें उघड आहे. चीनमध्यें अशा कापडास 'अग्नींत धुतलेलें वस्त्र' या अर्थाचें नांव होतें. आपल्याकडे देवीमाहात्म्याच्या पांचव्या अध्यायांत, शुंभाच्या ऐश्वर्याची यादी चंड-मुंड सांगतात तेथें, वह्नीनें त्याला दिलेल्या दोन वस्त्रांना 'अग्निशौच' असें विशेषण आलें आहे. तुळजापूरच्या परिसरांत सप्तशतीचे पाठ ऐकत वाढलेल्या वाचकांस हा शब्द पाठच असेल. 'अग्नीप्रमाणें शुद्ध' व 'अग्नीनें शुद्ध होणारें' असे दोन्ही विग्रह संभवतात. दुसरा घेतल्यास ॲस्बेस्टॉसच्या वस्त्राचा तर्क करतां येतो. परंतु तो तर्कच होय, एका विशेषणावर त्याहून मोठी इमारत उभारतां येणार नाहीं. पेरिप्लसमध्यें आलेलें तगर म्हणजे आपल्या जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. परंतु तेथून भरुकच्छास जाणाऱ्या मालांत हें कापड होतें असें म्हणण्यास कांहींही आधार नाहीं.

एवढी गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे कीं, प्राचीनांना या तंतूचा परिचय दुर्मिळ, चमत्कारिक व राजांस शोभणाऱ्या वस्तूच्या रूपानें होता. तो गरिबांच्या डोक्यावरचें छप्पर झाला तो विसाव्या शतकांत.

३. पत्रा या जिल्ह्यांत कसा आला

ऑस्ट्रियांतील लुडविग हाचेक यानें सिमेंट व ॲस्बेस्टॉस यांचा लगदा लाटून पातळ तावे करण्याची कृति शोधली व विसाव्या शतकाच्या प्रारंभीं तिचें पेटंट घेतलें. हिंदुस्थानांत अशा तावांचा कारखाना मध्यप्रांतांतील कैमूर येथें १९३४ मध्यें निघाला. निजामाच्या राज्यांत, ज्यांत त्या वेळीं उस्मानाबाद जिल्हा मोडत होता, 'हैदराबाद ॲस्बेस्टॉस सिमेंट प्रॉडक्ट्स' ही कंपनी १९४६ मध्यें स्थापन झाली. तिचे 'चारमिनार' छापाचे पत्रे पुढें सर्वत्र ओळखीचे झाले. म्हणजे आपल्याकडील सिमेंटचा पत्रा, वाडा कितीही जुना असला तरी, १९३० नंतरच्या दशकांच्या मागें नेतां येत नाहीं. पत्र्यावरून छपराचा काळ ठरवितांना ही पूर्वमर्यादा ध्यानांत ठेवावी.

त्यापूर्वीचें छप्पर म्हणजे माळवद: तुळया, त्यांवर किलचा किंवा फळ्या, त्यांवर पालापाचोळा, व वर गांवच्या पांढरींतून आणलेली पांढरी माती. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं मातीचा नवा थर द्यावयाचा, असा क्रम असे. याच पांढरींत जुन्या वस्तीचे अवशेष असतात. तेरच्या पांढरींतून निघालेल्या वस्तूंचा कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं केलेला संग्रह त्यांच्याच नांवच्या शासकीय संग्रहालयांत आज पाहावयास मिळतो. माळवद थंड असे, परंतु जड असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती व त्यांवरील मातीचा भार यांखालीं सांपडून सुमारे आठ हजार माणसें दगावलीं. उमरगा व आजच्या लोहारा तालुक्यांतील गांवांनीं तो दिवस पाहिला आहे. त्यानंतर माळवदावरील विश्वास उडाला, हलक्या छपराची मागणी वाढली, आणि ज्याला टीन परवडलें नाहीं किंवा टिनाचा ताप सोसवला नाहीं, त्यानें सिमेंटचा पत्रा पत्करला. या निवडीस दोष देण्याचें कारण नाहीं. ज्यानें माळवदाखालचा मृत्यु पाहिला, त्याला पत्र्याच्या धुळीचें भय दाखवितांना ही पार्श्वभूमि विसरतां कामा नये.

४. धोका कशांत आहे

अखंड, न फुटलेला पत्रा स्वस्थ पडून असतां फारसा अपाय करीत नाहीं. त्यांतील बहुतेक भाग सिमेंट असून तंतूंचें प्रमाण साधारणतः दहाव्या हिश्शाच्या आसपास असतें, व ते सिमेंटांत घट्ट बसलेले असतात. पत्रा कापला, घासला, भोंक पाडलें, आपटून फोडला, किंवा वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसानें त्याचा पृष्ठभाग भुरभुरला, म्हणजे तंतु सुटतात. ते इतके सूक्ष्म असतात कीं, डोळ्यांस दिसत नाहींत, नाकास जाणवत नाहींत व हवेंत दीर्घकाळ तरंगतात. श्वासाबरोबर फुप्फुसांत गेलेला तंतु शरीर विरघळवूं शकत नाहीं. त्यापासून फुप्फुसें राठ होण्याचा विकार (ॲस्बेस्टॉसिस), फुप्फुसाचा कर्करोग व फुप्फुसावरणाचा कर्करोग संभवतात, आणि बहुधा ते वीस ते चाळीस वर्षांनंतर प्रगट होतात. पांढरा, निळा, तपकिरी अशा ॲस्बेस्टॉसच्या सर्व जाति कर्करोगजनक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें दिला आहे.

कारण व परिणाम यांत इतकें अंतर पडल्यामुळें दोहोंचा संबंध सामान्य माणसाच्या ध्यानांत येत नाहीं. विलायतेंत मेरेवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल १९३० मध्यें निघाला व १९३१ मध्यें ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांसाठीं धुळीचे नियम झाले. हैदराबादच्या कंपनीच्या स्थापनेपूर्वीं पंधरा वर्षें हें ज्ञान छापून प्रसिद्ध झालें होतें, ही तारखांची तुलना इतिहासाच्या अभ्यासकांनीं मनांत ठेवण्याजोगी आहे.

आपल्या देशांत १९८६ मध्यें ॲस्बेस्टॉसच्या खाणींस नवे पट्टे देणें थांबविण्यांत आलें व १९९३ मध्यें जुन्या पट्ट्यांचें नूतनीकरणही थांबलें. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची आयात व पत्र्यांचें उत्पादन मात्र बंद झालें नाहीं. त्यामुळें पत्रा बाळगणें हा गुन्हा नाहीं, व तो काढलाच पाहिजे असेंही कोणी फर्मावीत नाहीं.

५. चार दृष्टींनीं परवान्याचा विचार

(अ) वास्तूचा परवाना. वाडा संरक्षित स्मारकांत किंवा त्याच्या जवळ असल्यास प्रथम पुरातत्त्वाचा कायदा लागतो. या मुलखांत पूर्वीं निजामी राज्याचा १३३७ फसलीचा प्राचीन स्मारकांचा कायदा होता. आज केंद्राचा १९५८ चा व महाराष्ट्राचा १९६० चा असे दोन अधिनियम आहेत. धाराशिवचीं लेणीं, तेरचीं मंदिरें, परंड्याचा व नळदुर्गचा किल्ला अशा स्थळांच्या आसपास ज्यांचें घर आहे, त्यांनीं तें स्मारक केंद्राच्या यादींत आहे कीं राज्याच्या, हें आधीं पाहावें. केंद्राच्या अधिनियमास २०१० मध्यें झालेल्या दुरुस्तीप्रमाणें स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचें क्षेत्र 'प्रतिषिद्ध' व त्यापुढील २०० मीटर 'विनियमित' होय. प्रतिषिद्ध क्षेत्रांत नवें बांधकाम होत नाहीं. परंतु १६ जून १९९२ पूर्वींपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या मालकास दुरुस्तीची परवानगी सक्षम अधिकाऱ्याकडे मागतां येते. अर्ज पंधरा दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जावा, प्राधिकरणानें दोन महिन्यांत मत द्यावें, व अधिकाऱ्यानें पुढें एका महिन्यांत निर्णय कळवावा, अशी मुदत अधिनियमांत आहे. ज्यास चैत्र-वैशाखांत छप्पर बदलावयाचें आहे त्यानें मार्गशीर्षाच्या आंत अर्ज करणें बरें, असा याचा व्यवहारांतील अर्थ.

येथें आमच्या वाचकांचा खरा उपयोग आहे. इमारत १६ जून १९९२ पूर्वींची आहे हें सिद्ध करण्यास कागद लागतात. खरेदीखतें, वांटणीपत्रें, नगरपालिकेच्या करपावत्या, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील आकारणीची नोंद, हे सर्व उपयोगी पडतात. निजामी अमलांतील कागद उर्दूंत व फसली सनांत असतात. फसली सनांत ५९० मिळविले म्हणजे स्थूलमानानें इसवी सन निघतो. जिल्ह्याचें नांव जुन्या कागदांत 'उस्मानाबाद' असून २०२३ पासून तें 'धाराशिव' झालें आहे. अर्जांत दोन्ही नांवें लिहिल्यास पुढील पत्रव्यवहार वांचतो. या परवान्याची दृष्टि मात्र वास्तूच्या रूपावर असते. पत्रा कशाचा आहे व त्याची धूळ कोठें जाईल, हें पाहणें त्या अधिनियमाचें प्रयोजन नव्हे.

(आ) स्थानिक संस्थेचा परवाना. शहरांत नगरपरिषद व खेड्यांत ग्रामपंचायत यांचा बांधकामाच्या परवानगीशीं संबंध येतो. नगरपरिषदांस १९६५ चा महाराष्ट्र अधिनियम लागू आहे, व ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमांत घरबांधणीच्या परवानगीची तरतूद आहे. परंतु १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या ४३ व्या कलमानें इमारतीच्या बाह्य स्वरूपांत विशेष फरक न पाडणारी दुरुस्ती परवानगीच्या बाहेर ठेवली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत परवानगी न लागणाऱ्या किरकोळ कामांची यादी आहे. तींत गिलावा, रंग, चुना यांच्याच पंक्तीस छप्पर नव्यानें घालणें हें काम बसविलें आहे. रचनेच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. पण याचा परिणाम असा कीं, घराला चुना लावणें व ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरविणें हीं दोन कामें कायद्याच्या लेखीं सारखींच किरकोळ ठरतात.

याच्या उलट टोकाला धोकादायक इमारतीची नोटीस असते. मोडकळीस आलेला वाडा पाडण्याचा हुकूम नगरपरिषद देऊं शकते. अशा वेळीं मुदत थोडी असते, पत्रे, तुळया व माती एकत्र कोसळविलीं जातात, आणि कधीं कधीं माडीवरचे बस्तेही त्याच ढिगाऱ्यांत जातात. म्हणून अशी नोटीस हातीं पडतांच पत्रे वेगळे व आधीं उतरविण्याची मुभा लेखी मागून घ्यावी.

(इ) कचऱ्याचा परवाना. घातक व इतर कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत, पहिल्या अनुसूचीच्या १५ व्या क्रमांकावर, 'टाकाऊ ॲस्बेस्टॉस' याचा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु त्या क्रमांकाचें शीर्षक ॲस्बेस्टॉसचें किंवा ॲस्बेस्टॉसयुक्त मालाचें 'उत्पादन' असें आहे. एकीकडे, ज्याच्यावर नियमांचा भार आहे त्या 'भोगवटादारा'च्या व्याख्येंत कारखान्याबरोबर 'जागा' हाही शब्द येतो. दुसरीकडे, अनुसूचीचें शीर्षक कारखान्यापुरतें दिसतें. घरावरून उतरविलेला पत्रा या नियमांखालीं येतो काय, याविषयीं दोन वाचनें संभवतात तीं यामुळेंच. शीर्षक प्रमाण मानल्यास घर सुटतें. पदार्थाचा स्वभाव प्रमाण मानल्यास सुटत नाहीं. आमच्या मतें दुसरें वाचन धरून चालावें, कारण याच नियमांनीं टाकाऊ ॲस्बेस्टॉसची धूळ व तंतु परदेशांतून आणण्यास मनाई केली आहे. सीमेवर जो पदार्थ घातक, तो उकिरड्यावर निरुपद्रवी कसा होईल?

ज्यांना हे नियम निःसंशय लागू आहेत त्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाचें प्राधिकारपत्र घ्यावें लागतें, कचरा सामान्यतः ९० दिवसांपेक्षां अधिक सांठवितां येत नाहीं, व नमुना १० या वाहतूकपत्राबरोबरच तो विल्हेवाटकेंद्राकडे पाठवावा लागतो. धाराशिवच्या लोकांस सोयीचें असें केंद्र पुणें जिल्ह्यांत रांजणगांव येथें आहे. पाडकामाच्या राड्यारोड्याविषयीं २०१६ चे नियम वेगळे होते. त्यांत दिवसाला २० टन किंवा एका कामांत महिन्याला ३०० टन राडारोडा काढणाऱ्यांवर आराखडा मंजूर करून घेण्याचा बोजा होता. त्यांची जागा घेण्यासाठीं १ एप्रिल २०२६ पासूनचे म्हणून २०२५ चे नियम करण्यांत आले. त्यांतील उत्पादकाची विशेष जबाबदारी २०,००० चौरस मीटर व त्यावरील कामांसाठीं आहे. तालुक्याच्या गांवांतला वाडा या मापांच्या जवळपासही जात नाहीं.

(ई) कामकऱ्याचें रक्षण. १९९६ चा बांधकाम-कामगारांचा अधिनियम दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठीं होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची व १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा घेणारी व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिति संहिता, २०२० ही अमलांत आली. तींतही सर्वसाधारण मर्यादा दहा कामगारांचीच आहे. वाड्याचे पत्रे चार माणसें एका दिवसांत उतरवितात. मग त्यांच्यासाठीं कोणता कागद उरतो?

सर्वोच्च न्यायालयानें २७ जानेवारी १९९५ रोजीं दिलेल्या निर्णयांत ॲस्बेस्टॉसच्या धंद्यांतील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षें, किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत, ठेवण्याचा आदेश दिला. रोग उशिरां प्रगट होतो, म्हणून कागद तितका काळ जपला पाहिजे, हें त्यांतील तत्त्व. दफ्तरें जपणाऱ्या मंडळींना हें तत्त्व वेगळें समजावून सांगावयास नको. परंतु पत्रा करणाऱ्या कामगाराची नोंद ४० वर्षें ठेवावयाची, आणि तोच पत्रा ४० वर्षांनीं फोडून उतरविणाऱ्या मजुराचें नांव एका ओळींतही नाहीं, अशी आजची स्थिति आहे.

६. परदेशांतील रीति

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९८६ च्या १६२ व्या कराराचें १७ वें कलम नेमकें याच विषयावर आहे. ज्यांतून तंतु सहज सुटतात अशा ॲस्बेस्टॉसचें पाडकाम मान्यताप्राप्त कंत्राटदारानेंच करावें, व कामापूर्वीं लेखी योजना तयार करावी, असें तें सांगतें. भारतानें या करारास मान्यता दिलेली नाहीं. ब्रिटनमध्यें २०१२ च्या नियमांनीं नळांवरील वेष्टन, फवारलेला लेप अशा भुसभुशीत प्रकारांस परवानाधारक कंत्राटदार आवश्यक केला आहे. सुस्थितींतील सिमेंटच्या पत्र्यास मात्र सामान्यतः तो परवाना लागत नाहीं. परंतु पत्रा अखंड उतरविणें, ओला ठेवणें, शिकविलेल्या माणसांनींच काम करणें व वेगळी विल्हेवाट लावणें, या अटी तेथेंही सुटत नाहींत. यावरून असें दिसतें कीं, सिमेंटच्या पत्र्याच्या बाबतींत मुख्य गोष्ट कामाची रीति ही आहे. परवाना हें त्या रीतीचें साधन. आणि रीति आपल्याकडेही लिहिलेली आहे: ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयीं भारतीय मानक ११७६८ हें १९८६ सालीं, व सिमेंट-ॲस्बेस्टॉसच्या वस्तु निर्धोकपणें वापरण्याविषयीं मानक ११७६९, भाग १, हें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें.

७. मालकानें धरावयाचा क्रम

प्रथम पत्रा कशाचा आहे तें ठरवावें. टीन बोटानें वाजविलें असतां धातूसारखें वाजतें. सिमेंटचा पत्रा बद्द वाजतो, सुमारे सहा मिलिमीटर जाड असतो, व त्यावर कधीं कधीं मानक ४५९ चा छाप मिळतो. अलीकडे ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचेही असेच पत्रे निघतात; त्यांतला भेद प्रयोगशाळेंतच कळतो. शंका असल्यास ॲस्बेस्टॉस आहे असें धरून चालावें. नमुन्यासाठीं पत्रा फोडूं नये.

दुसरें, पत्रा सुस्थितींत असल्यास त्याला हात लावूं नये. तारेच्या ब्रशानें घासणें, कोरडा झाडणें, पंख्याच्या हुकासाठीं भोंक पाडणें, हें सर्व वर्ज्य. मात्र पत्र्याखालीं उन्हाळ्यांत माडी तापते व कागद ठिसूळ होतो; तेव्हां दफ्तर खालच्या मजल्यावर आणणें हें पत्रा उतरविण्याच्या आधींचें व त्याहून सोपें काम आहे.

तिसरें, उतरविणें अपरिहार्य झाल्यास पत्रें लिहावीं: एक नगरपरिषदेस अथवा ग्रामपंचायतीस, परवानगी लागत नसल्यास तसें लेखी कळविण्याविषयीं, दुसरें, स्मारक जवळ असल्यास पुरातत्त्वाच्या सक्षम अधिकाऱ्यास, तिसरें प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास, पत्र्यांची संख्या देऊन विल्हेवाटीच्या सूचना मागण्यासाठीं. उत्तर आलें नाहीं तरी पोंच जपून ठेवावी.

चौथें, कामापूर्वीं सर्व पोथ्या, रुमाल, बस्ते व पेटारे घराबाहेर न्यावे. ज्या खोलींत आधींच फुटक्या पत्र्याची धूळ पडत आली आहे, तेथील रुमाल झटकूं नयेत, पोथ्या कुंचल्यानें किंवा फुंकरीनें साफ करूं नयेत. बासन जसेंच्या तसें जाड प्लास्टिकच्या पिशवींत बंद करावें, पिशवीवर तारीख व खोली लिहावी, व सूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळणीचें निर्वातयंत्र वापरणाऱ्या जाणकाराकडूनच तें उघडवावें. साधें घरगुती यंत्र तंतु परत हवेंत सोडतें. कागद ओला करतां येत नाहीं, म्हणून छपराला लागू असलेला पाण्याचा उपाय येथें चालत नाहीं.

पांचवें, प्रत्यक्ष काम. पत्र्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. धार सोडूं नये, कारण खालीं माळवद असल्यास माती भिजून भार वाढतो. बोल्ट सैल करून किंवा कापून पत्रा सबंध सोडवावा, हातोड्यानें फोडूं नये, वरून फेंकूं नये. तीन मीटरचा पत्रा सुमारे ४० किलो भरतो, तेव्हां तो दोन माणसांनीं दोराच्या आधारानें उतरवावा. पत्र्यावर पाय देऊं नये. जीर्ण पत्रा एकाएकीं फुटतो, आणि धुळीचा रोग वीस वर्षांनीं येतो, तर हा अपघात तत्काळ प्राण घेतो. मजुरांस तोंडाला बांधावयास उपरणें देऊन भागत नाहीं. सूक्ष्म कण अडविणारी, चेहऱ्याला घट्ट बसणारी श्वासपट्टी प्रत्येकास द्यावी. त्यांचे कपडे तेथेंच बदलून वेगळे धुवावे. ते घरीं नेल्यास धूळ बायकामुलांपर्यंत जाते. घरांतील मुलें त्या दिवशीं दुसरीकडे ठेवावीं.

सहावें, उतरविलेले पत्रे प्लास्टिकच्या दुहेरी वेष्टनांत गुंडाळून त्यांवर ठळक अक्षरांनीं नांव लिहावें. तुकडे गोठ्यावर घालणें, पायवाटेंत किंवा बांधावर पसरणें, विहिरींत टाकणें, हें आपल्या गांवांतून सर्रास चालतें; तेणेंकरून एका छपराची धूळ सबंध आळीची होते. एका वाड्याच्या वीस पत्र्यांसाठीं रांजणगांवपर्यंत वाहन करणें मालकास जड जाईल, हें खरें. म्हणून नगरपरिषदेनें वर्षांतून एकदां असे पत्रे एकत्र गोळा करून पाठवावे, अशी मागणी दहा-पांच मालकांनीं मिळून केल्यास ती अधिक वजनदार होईल.

८. एक टिपण

सातवी व शेवटची गोष्ट आमच्याच धंद्यांतली आहे. काम झाल्यावर एका कागदावर टिपण करावें: वाड्याचें नांव व जागा, पत्रे कोणत्या सुमारास घातले होते, किती होते, कोणत्या तारखेस उतरविले, कोणत्या कार्यालयास कोणतें पत्र लिहिलें, पत्रे कोठें गेले, आणि ज्या मजुरांनीं ते उतरविले त्यांचीं पूर्ण नांवें, वयें व गांवें. या टिपणाची एक प्रत प्रत्येक मजुरास द्यावी व एक घरच्या दफ्तरांत ठेवावी. आणखी पंचवीस-तीस वर्षांनीं त्यांपैकीं एखाद्यास धाप लागूं लागली व डॉक्टरानें, पूर्वीं कोठें काम केलें होतें, असें विचारलें, तर दाखवावयास त्याच्यापाशीं दुसरा कागद बहुधा नसेल. कायद्यानें हें टिपण मागितलेलें नाहीं. पण ज्या घरांनीं तीन-तीनशें वर्षांपूर्वींच्या वसुलाच्या याद्या नांवनिशीवार जपल्या आहेत, त्यांना चार नांवांची ही यादी जपणें कठीण जाऊं नये.